वीतभर अंतर
तीस वर्षं त्या वेल्डरनं नाक शिंकरलं की रुमाल काळाकुट्ट व्हायचा. बायकोच्या जिवाला घोर नको म्हणून तो कारखान्याच्या नळावर धुऊन ओलाच घरी न्यायचा. यंदा मालकानं धूर ओढणारा हूड बरोबर डोक्यावर टांगला, तरी रुमाल काळाच. शेवटी त्याची पत्रेकाम करणारी लेक आली. ती बराच वेळ बघत राहिली. "बाबा, धूर आधी तुमच्या नाकात शिरतोय, मग वर जातोय!" तिनं हूड खाली ओढला, आडवा केला आणि वीत मोजून वेल्डिंगच्या जोडाशेजारी बसवला. ठिणग्या उडाल्या, धूर मुकाट्यानं बाजूनं आत गेला. "बापाच्या वरताण निघालीस की गं!" तो म्हणाला. संध्याकाळी बायकोनं त्याचा रुमाल चाचपला. कोरडा होता. "आज नळाला पाणी नव्हतं का हो?" तो चपापला. "पाणी होतं," तो ओशाळून हसला, "धुण्यासारखं काही नव्हतं."