वहीतली खाडाखोड

रामकुंडात नवऱ्याच्या अस्थी सोडून सिंधुबाई लेक रविराजसोबत गुरुजींच्या ओट्यावर टेकली. गुरुजींनी कळवणच्या घराण्यांची जाडजूड वही उघडली, तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. "व्यवसाय?" "कारकून," रविराज घाईनं म्हणाला. सिंधुबाईची नजर वरच्या नोंदीवर खिळली. वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या अस्थी आणल्या, तेव्हा नवऱ्यानं स्वतःच्या हातानं आपल्या नावापुढं 'लेखक' लिहिलं होतं. ती फिस्सकन हसली होती. "कारकून लिवा, लोकं हसतील!" नवऱ्यानं निमूट खोडलं. पुढं 'साभार परत' आलेल्या कथा ते तिच्या नजरेआड ट्रंकेत टाकत गेले. खोडलेला शब्द अजून वाचता येत होता. गुरुजींनी 'का' लिहिला, तशी तिनं झडप घालून पेन हिसकावलं. रविराजनं मनगट पकडलं. "आई, येडी झालीस? लोकं हसतील!" हात सोडवून तिनं 'का' खोडला, 'लेखक' लिहिलं. "हसू दे. सगळ्यात आधी मीच हसले व्हते."