बिनकमाईची कुस्ती

एक नारळ. जॉर्जियाचा पासपोर्ट. हलगी. तिसरीतली धनश्री.

गिओर्गी पहिलवान न्हावऱ्याच्या जत्रेत शेवटची, सगळ्यात मोठ्या इनामाची कुस्ती खेळायला आला होता, पण त्याचा कामाचा व्हिसा अडकला. हातातल्या पर्यटक व्हिसावर खेळून कमावता येत नाही, म्हणून तो आखाड्याबाहेर बसून होता.

"आप्पा, एकच कुस्ती!" तालमीत उचललेल्या मराठीत तो म्हणाला.

"आरं, जिंकलास तर नारळ बी कमाईच की," पंच शंभूआप्पा हसले.

"मंग हरतो!"

तो नारळासाठी लढणाऱ्या पोरापोरींच्या रांगेत जाऊन उभा राहिला. धनश्रीनं त्याला तीन मिनिटांत चीत केलं. सगळं मैदान शिट्ट्यांनी दणाणलं.

त्याआधी सात वर्षांत गिओर्गीची पाठ एकदाही टेकली नव्हती.