खिंडीची माती

"एकट्यानं खिंड लढवली मी, एकट्यानं!" वडिलांचा तो खणखणीत आवाज पीटीच्या मास्तरांच्या कानांत लहानपणापासून घुमत होता. म्हणून तर वडील ज्या परमुलखात लढाईवर गेले होते, तिथे मास्तर म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. येताना 'खिंडीची मूठभर माती आणतो' असं अख्ख्या शाळेला सांगून.

दोन दिवस नकाशे उलटेपालटे करून झाले. शेवटी सैनिकांच्या दफनभूमीत, पांढऱ्या दगडांच्या ओळींमधलं गवत कापणाऱ्या माळ्यानं तळहात आडवा धरून दाखवला. मुलूख सगळा असा सपाट. खिंड कसली, इथे साधी टेकडीसुद्धा नाही.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "आई, बाबा खोटं बोलायचे गं?"

"खोटं कशाला बोलतील? ऐन लढाईत दोन्ही आचारी तापानं फणफणले, तर तीनशे जणांचा स्वयंपाक यांनी एकट्यानं रेटला. तेच सांगायचे ते."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

आईनं चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आधी सांगितलं असतं, तर मला विमानात कोण बसवणार होतं रे?"