बिनटिचबटणाचं होल्स्टर

सुई पुन्हा मोडली. गार्डने तिचं टोक कातड्यातून दाताने ओढून काढलं, मनातल्या मनात एक शिवी घातली आणि नवी सुई ओवली. जन्मात शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा कधी शिवलं नव्हतं, आणि आज रजा टाकून स्वयंपाकघराच्या फरशीवर तो कमरेला पिस्तूल अडकवायचं होल्स्टर शिवत बसला होता. गरज पडली की माणूस काय काय करतो!

उद्या सकाळी परीक्षा होती. बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवरच्या गार्डांची दरवर्षी व्हायची तीच. शिट्टी वाजली की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि समोरच्या पुठ्ठ्यावर गोळी झाडायची. नेमाची त्याला भीती नव्हती. घोडं पेंड खात होतं ते अंगठ्यापाशी. गाडीच्या दारात चेमटल्यापासून उजवा अंगठा नुसता शोभेला उरला होता. कंपनीच्या होल्स्टरचं टिचबटण काही केल्या त्याला उघडेना. "बरा झालाय," असं तो सगळ्यांना सांगून बसला होता, बायकोलासुद्धा. नापास झाला तर नोकरी जाणार. आणि उभा जन्म गाडीच्या दाराशी पहारा देण्यात गेलेल्या माणसाला या वयात दुसरं काम कोण देणार?

स्वतःचं होल्स्टर चालतं, एवढी एक फट नियमात होती. म्हणून बिनटिचबटणाचं, मोकळ्या तोंडाचं होल्स्टर करायचं त्याने ठरवलं. बाहेरून शिवून घ्यायची सोय नव्हती. नाक्यावरच्या कारागिराकडे कंपनीतले निम्मे लोक बूट टाचायला जायचे, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. घरात वडिलांची चामड्याची जुनी बॅग होती. तिचं झाकण तेवढं न तडकता राहिलं होतं. त्यावर सुरी फिरवण्याआधी त्याने ती दोनदा खाली ठेवली. वडिलांनी ती बॅग कधी कुणाला हात लावू दिली नव्हती.

पिस्तूल कंपनीतच जमा असायचं. त्याच्या मापाचा लाकडी ठोकळा त्याने आधीच तासून ठेवला होता. त्याने कागदावर आकार काढला, कागद कातड्यावर ठेवून कापलं, आरीने भोकं पाडली आणि तो मेण लावलेला दोरा ओढत शिवत राहिला. उजव्या हाताकडे काम एकच, कातडं दाबून धरायचं. मध्येच मोरीच्या कडेने एक झुरळ निघालं. त्याने पायातली चप्पल काढून भिरकावली. झुरळ जागच्या जागी चपटं. नेम अजून शाबूत होता, आणि त्याचंच त्याला जास्त रडू येत होतं.

शिवण संपल्यावर त्याने कातडं भिजवलं, ठोकळ्यावर दाबून बसवलं आणि पंख्याखाली ठेवलं. ऊन कलेपर्यंत ते वाळून कडक झालं. शिवण वाकडीतिकडी, पण घट्ट होती. त्याने पट्टा ओवला, ठोकळ्यासकट होल्स्टर उजव्या कमरेवर सरकवलं आणि मान खाली घालून बघितलं. ठोकळ्याचा दांडा, म्हणजे पिस्तुलाची मूठ, मागच्या बाजूला यायला हवा होता. तो पुढे आला होता.

त्याने पट्टा सोडला. पुन्हा बांधला. दांडा पुढेच. या बाजूने पिस्तूल काढायचं तर मनगटच मोडून घ्यावं लागलं असतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! दुसरं करायला कातडं नव्हतं, वेळ नव्हता. बॅगेचा उरलेला सांगाडा मांडीवर घेऊन तो फरशीवरच बसून राहिला.

दार वाजलं. बायको शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायची. ती आत आली, पसारा बघून थबकली. मग तिने होल्स्टर उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"कागद पालथा ठेवलात," ती म्हणाली. "आमच्याकडच्या नव्या मुली हमखास करतात. दोन्ही बाह्या डाव्याच निघतात."

तेवढ्यानेच त्याचा बांध फुटला. अंगठा, टिचबटण, सगळ्यांना मारलेल्या थापा, सगळं तो भडाभडा बोलला. "संपलं गं. उद्यापासून मी घरी."

तिने फरशीवरून नजर फिरवली. आरी, सुरी, मेणाचा गोळा, सगळं त्याच्या डाव्या अंगाला पडलं होतं. मोरीपाशी चपटं झुरळ होतं.

"हे कोणी मारलं?"

"मीच."

"इथून? कुठल्या हाताने?"

त्याने दोन्ही तळवे समोर धरले. उजवा स्वच्छ होता. डाव्यावर फोड होते, मेण होतं, सुयांनी टोचून टोचून बोटांची चाळण झाली होती.

"उद्या साहेब काय बघणार?" तिने विचारलं. "हात की नेम?"

"नेम," तो पुटपुटला.

तिने त्याला उभं केलं, पट्टा फिरवून होल्स्टर डाव्या कमरेवर आणलं. त्याने नुसता डावा हात खाली नेला आणि ठोकळा अलगद मुठीत आला.

"उलटं कुठे झालंय?" ती म्हणाली. "ज्या हाताने शिवलंत, त्याच हाताचं झालंय."