चकचकीत मशीन

कॅम्पातल्या माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात रोज कुणीतरी व्हायरल व्हिडिओ बघून जुनी शिलाई मशीन घेऊन येतं, लाखभर मागतं. आज ओमकार आईला घेऊन आला. त्याचे टेलर वडील गेल्यापासून पडून असलेल्या मशीनचा त्यानं पाठवलेला फोटो बघून मी चांगली किंमत बोललो होतो. समोर उतरवली तर थिनरनं घासून काळाकुळकुळीत रंग मारलेली. “नवी करून आणलोय, मामा. आता किती?” “जुनी म्हणून इकतोस, मग नवी कशाला केलास रं? सोनेरी वेलबुट्टीचेच पैसे होते. आता भंगारात घाल.” वैतागून मी मोबाईलवरचा फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्यात वेलबुट्टी होती, तिच्यावर खंडेनवमीच्या पूजेला ओढलेली कुंकवाची तीन बोटं होती. फोटो डिलीट करायला गेलो, तर त्याच्या आईनं मोबाईलवर हात ठेवला. “तेवढा ऱ्हाऊ दे, अण्णा. ह्येंची बोटं आता तिथंच उरल्यात.”