डोळ्यातल्या फांद्या

सुज्ञ वाचकहो, एका सुताराची आणि एका मातेची हकिकत आपणांपुढे नम्रपणे सादर करीत आहे. ती एका खोलीत सुरू झाली व त्याच खोलीच्या दाराशी संपली.

“हनुवटी टेका. हलू नका. आणि हसू नका, हा लग्नाचा फोटो नव्हे,” नेत्रालयातील तंत्रज्ञबाई म्हणाल्या.

सुताराने श्वास रोखला. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे औषध घातल्यामुळे त्यास सर्व धुरकट दिसत होते. यंत्रात प्रकाश लख्खकन चमकला आणि त्याच्या डोळ्याचा आतील पडदा संगणकावर उमटला. केशरी वर्तुळ, आणि त्यात फांद्यांप्रमाणे पसरलेल्या रक्तवाहिन्या.

“आई, तू टेकून बस गं, पडशील,” तो मान न वळवता म्हणाला.

म्हातारी खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिचा मुलगा लहानपणी बाजाराच्या गर्दीत हरवला होता. त्याआधी त्याच्या दुखऱ्या डोळ्याची काढलेली अशीच एक फिल्म तिने जिवापाड जपली होती. सुतार अनाथाश्रमात वाढला होता. गेले वर्षभर तो तिच्याच घरी राहत होता. हाच आपला मुलगा, याविषयी तिच्या मनात किंतु नव्हता. खात्रीचा हट्ट त्याचाच होता.

“या फांद्यांची ठेवण जन्मभर बदलत नाही,” बाईंनी समजावले. “जुन्या चित्रावर नवं ठेवायचं. माणूस तोच असेल, तर फांदीवर फांदी बसते.”

“म्हणजे आमच्या चौकटीच्या सांध्यासारखं. बसला की मध्ये केस शिरत नाही.”

म्हातारी हसली. “याचे वडीलही असेच. जेवतानासुद्धा कामाच्याच गोष्टी.”

बाईंनी फिल्मचे चित्र संगणकाच्या पडद्यावर घेतले. ज्या फिकट चकतीतून सर्व वाहिन्या फुटतात, ती जुनी चकती प्रथम नव्या चकतीवर आणली. मग चित्र किंचित फिरवले, किंचित मोठे केले. फांद्या जुळेनात.

“फिल्म उलटी लागली असेल. होतं असं पुष्कळदा.”

त्यांनी ती पालटली. वरची मोठी वाहिनी वाहिनीवर बसू लागली. सुताराचा जीव भांड्यात पडणार, तोच जुनी वाहिनी दुभंगली आणि नवी सरळ पुढे गेली.

बाईंनी सुताराच्या दुसऱ्या डोळ्याचेही चित्र काढून लावून पाहिले. मग त्यांचा हात थांबला.

“नाही हो जुळत.”

सुताराची हनुवटी अद्याप यंत्रावर टेकलेलीच होती.

“पुन्हा एकदा काढता? मी हललो असेन.”

“तुम्ही हलला नव्हता,” बाई हळूच म्हणाल्या.

तो उठला. भिंत चाचपून उभा राहिला.

“चला काकू, तुम्हाला गाडीत बसवून देतो.”

म्हातारीने फिल्म फडक्यात गुंडाळली, गाठ मारली. दार उघडताच बाहेरचे ऊन अंगावर आले. सुताराने डोळे मिटले आणि त्याचा खांदा चौकटीवर आदळला. तिने त्याचे मनगट धरले.

“औषध कधी उतरतं, बाई?”

“संध्याकाळपर्यंत.”

“मग संध्याकाळपर्यंत तरी हात सोडू नकोस,” ती त्यास म्हणाली.

येथवर सोबत आलेल्या वाचकांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
गुणाकाका