ओवलेली सुई

“मास्तर, थोरलीला दिसत नाही म्हणे. माझ्यासमोर सुई ओवू दे, नाहीतर उद्यापासून घरी बसू दे,” शिवणखोलीच्या दारातून मालक म्हणाले.

मास्तरांनी थोरलीच्या हातात सुई आणि काळा दोरा ठेवला. तिने दोरा ओठांनी ओला केला, बोटांनी पिळला, नेढ्याशी नेला. वाट चुकल्यासारखा तो नेढ्याभोवती फिरत राहिला. खोलीतली सगळी यंत्रं थांबली.

शेजारी तिची धाकटी जाऊ कोटाला कच्चे टाके घालत होती. सहा वर्षांत दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. तीच आता ताडकन उठली.

“माझी सुई उचललीस ना? घरात माझी भांडी, इथे माझी सुई! आण इकडे!”

“अगं, मास्तरांनीच दिली...”

“मोठी साळसूद!”

हाताला हात भिडला, टाचण्यांचा डबा लवंडला, बायका धावल्या. “बसा खाली!” मालक ओरडले. सगळ्या बसल्या तेव्हा थोरलीच्या चिमटीत ओवलेली सुई होती.

ती पाहून धाकटीचाच चेहरा उतरला. घाईघाईत तिने स्वतःची सुई थोरलीच्या हाती दिली होती आणि तिच्यात दोरा होता पांढरा.

“ओवला का, मास्तर?”

मास्तर वाकले. त्यांनी सुईकडे पाहिलं, मग धाकटीकडे. जमिनीवर पडलेल्या काळ्या दोऱ्यावर त्यांनी हळूच पाय ठेवला.

“ओवला की, मालक. तिथून तुम्हाला दिसत नाही का?”